कुंभारांचे चर्चामंडळ : ते कसे जमवावे व कसे चालवावे

संत गोरोबाकाकांची एक कथा आपल्याकडे लहानथोरांस ठाऊक आहे. तेर गावी काकांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंची दृष्टी कोपऱ्यातील थापटण्याकडे गेली आणि हे कशासाठी, असे त्यांनी विचारले. मडके कच्चे की पक्के हे याने वाजवून कळते, असे काकांनी सांगितले. तेव्हा आम्हा मडक्यांचीही परीक्षा होऊ द्या, अशी मुक्ताबाईंनी विनंती केली. काका उठले आणि एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारीत गेले. बाकी सारे शांत राहिले. नामदेव मात्र रागावले. आणि हे मडके अजून कच्चे आहे, असा निकाल काकांनी दिला.

या कथेचा परमार्थ कीर्तनकारांनी सांगावा हेच योग्य. आपण तिच्याकडे धंद्याच्या दृष्टीने पाहू. जाणत्या माणसांची बैठक कुंभाराच्या घरी भरलेली आहे, परीक्षेचे साधन मध्ये आहे आणि प्रत्येकाची कसोटी सर्वांसमक्ष होत आहे. एकाच कामाची माणसे ठरल्या दिवशी जमून एकमेकांचे काम पाहतात, वाजवतात, चुका उघड करतात आणि उपाय शोधतात, त्यालाच चर्चामंडळ म्हणावयाचे. असे मंडळ कुंभारांस का हवे, त्यात कसे सामील व्हावे आणि ते मोडू न देता कसे चालवावे, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आपल्या न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेत हा विषय घेण्याचे कारण असे की, असे मंडळ उभे राहण्यास जे थोडे साहाय्य लागते, ते आपल्यासारख्या संस्थांस सहज देता येण्याजोगे आहे.

मंडळाची गरज

पूर्वीच्या गावगाड्यात कुंभार हा बलुतेदार होता. गावाला मडकी पुरवावी आणि सुगीला धान्य घ्यावे, अशी ती व्यवस्था. पुष्कळ गावांत कुंभाराची एक-दोनच घरे असत. त्यामुळे ज्ञान बापाकडून मुलाकडे येई, फार तर सोयरिकीतून दुसऱ्या गावी जाई. परंतु शेजारी बसून धंद्याचे चार शब्द बोलावे असा समव्यवसायी माणूस गावात क्वचितच मिळे. माती बिघडली, आवा फसला, तर कुंभार एकटाच कपाळाला हात लावून बसे.

पुढे काळ पालटला. १८६५ साली बाझेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला आणि यंत्राच्या कौलाने हाताच्या कौलाची जागा घेतली. मागाहून अल्युमिनिअम आले, प्लास्टिक आले. बलुते गेले, नवे गिऱ्हाईक मात्र माठाला गळती नको, पणती एकसारखी हवी, कुंडी सुबक हवी, असे मागू लागले. मागणी नवी आणि विद्या वडिलोपार्जित, अशा वेळी विचारावे कोणाला, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या जोयडा तालुक्यास याचा एक वेगळाही अनुभव आहे. हा तालुका पूर्वी सुपा या नावाने ओळखला जाई. काळी नदीवर गणेशगुडीजवळ धरण झाले, सुपा गाव पाण्याखाली गेले आणि कित्येक कुटुंबांनी रामनगरास नवी घरे मांडली. गाव उठते तेव्हा नुसती घरे उठत नाहीत, शेजार उठतो. शेजारात बसून जे ज्ञान सहज मिळत असे, ते पुढे मुद्दाम बैठक भरवूनच मिळवावे लागते. हे जसे शेतीचे, तसेच कारागिरीचेही आहे.

एकट्याने शोध करण्यात किती हाल होतात, याचे उदाहरण म्हणून सोळाव्या शतकातील फ्रान्सच्या बर्नार पालिसीचे नाव घेतात. मातीच्या भांड्यावर पांढरी झिलई कशी चढते हे त्यास शोधावयाचे होते. विचारण्यास कोणी नव्हते. कित्येक वर्षे गेली, सरपण संपले, आणि भट्टी विझू नये म्हणून त्याने घरातील मेजे व जमिनीच्या फळ्याही जाळल्या, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. याच्या उलट इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच याने जपानी कुंभार शोजी हामादा याच्या सोबतीने १९२० मध्ये सेंट आइव्हज येथे भट्टी उभारली, आणि १९४० मध्ये आपल्या माती-झिलईची प्रमाणे पुस्तकात उघड छापून टाकली. १९५२ साली इंग्लंडातील डार्टिंग्टन येथे देशोदेशींचे कुंभार व विणकर एकत्र बसले, तेव्हा हे दोघेही तेथे होते. गुपित उघड केल्याने लीच भिकेस लागला नाही. त्याच्या पुस्तकावर कुंभारांच्या पिढ्या शिकल्या.

सामील कसे व्हावे

मंडळ असेल तेथे नवख्याने प्रथम ऐकावे. दोन-तीन बैठका मुकाट्याने बसून कोण काय करतो, कोणती माती वापरतो, कोणाचा हात कशात चांगला आहे, हे ध्यानी घ्यावे. नंतर आपली ओळख कामानेच द्यावी. घरी केलेले एक मडके घेऊन जावे आणि प्रश्न नेमका विचारावा. 'माझी मडकी फुटतात, काय करू?' या प्रश्नाला कोणी उत्तर देऊ शकणार नाही. 'नदीकाठची माती, दहा भागांस एक भाग वाळू, सावलीत चार दिवस सुकवली, आव्यात पहिल्या तासातच बुडाला तडा गेला,' असे सांगितले की जाणता माणूस लगेच सांगेल की बूड ओले राहिले असावे. प्रश्न जितका नेमका, तितके उत्तर उपयोगी.

दुसरे असे की, घेणाऱ्याने द्यावेही. आपल्याला सांगितलेला उपाय करून पाहावा आणि पुढील बैठकीत त्याचा परिणाम, चांगला वा वाईट, येऊन सांगावा. सल्ला घेऊन गप्प बसणारा मनुष्य मंडळाचे नुकसान करतो. कारण सल्ला खरा ठरला की खोटा, हे मग कोणालाच कळत नाही.

बैठक कशी भरवावी

आरंभी पाच-सात माणसे पुरेत. महिन्यातून एक दिवस ठरवावा आणि तो बदलू नये. बाजारचा वार तेवढा टाळावा. जागा मात्र दर वेळी बदलावी, म्हणजे एकदा एकाच्या अंगणात, एकदा दुसऱ्याच्या. दुसऱ्याचा आवा, दुसऱ्याचे चाक, माती भिजवण्याचा हौद डोळ्यांनी पाहिला की भाषणापेक्षा अधिक समजते.

ऋतूकडेही लक्ष हवे. आपल्याकडे पाऊस धो धो कोसळतो. मडके सुकत नाही, सरपण ओले, आवा लावता येत नाही. हेच चार महिने बोलण्याचे, हिशेब पाहण्याचे आणि मातीचे नमुने तपासण्याचे. दिवाळीनंतर ऊन पडले की प्रत्यक्ष भाजणीच्या वेळी जमावे.

प्रत्येकाने येताना दोन वस्तू आणाव्यात, एक साधलेली आणि एक बिघडलेली. बैठकीचा आरंभ बिघडलेल्या वस्तूपासून करावा. हा नियम लहान दिसतो, पण सारे मंडळ त्यावर उभे आहे. चांगले मडके पुढे ठेवले की वाहवा होते आणि बोलणे संपते. फुटके मडके पुढे ठेवले की विचार सुरू होतो. आपल्या भाषेत दुसऱ्याच्या डोक्यावर खापर फोडणे असा वाक्प्रचार आहे. चर्चामंडळात आपले खापर आपणच उचलून आणावयाचे असते. आणि ज्येष्ठ कारागिराने आपले फुटके मडके सर्वांत आधी मांडावे, म्हणजे तरुणांची भीड मोडते.

बोलणे मडक्याविषयी असावे, माणसाविषयी नसावे. 'काठ जाड आहे' असे म्हणावे, 'तुझा हातच जड' असे म्हणू नये. मराठी, कोकणी, कन्नड, ज्यास जी भाषा सोयीची त्याने तीत बोलावे. समजावून सांगणारा कोणीतरी असतोच.

अनुमान नको, मोजमाप हवे

चर्चा म्हणजे मतामतांचा गलबला नव्हे. जेथे मोजता येते तेथे मोजावे. दोन सोप्या कसोट्या प्रत्येक मंडळास करता येतील.

पहिली आटण्याची. ओल्या मातीची पट्टी करून तिच्यावर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ ओढावी. सुकल्यावर व भाजल्यावर ती पुन्हा मोजावी. ९ सेंटिमीटर भरली तर माती शेकडा १० आटली. मग भाजलेला माठ २७ सेंटिमीटर उंच हवा असेल तर चाकावर तो ३० सेंटिमीटर उतरवावा लागेल, हे गणित आपोआप सुटते. माती फार आटत असेल तर ती सुकताना तडकण्याचा संभव अधिक; तिच्यात वाळू, राख वा भाजलेल्या खापराची भुकटी मिसळून पुन्हा पट्टी करावी.

दुसरी पाणी पिण्याची. भाजलेले कोरडे खापर वजन करून रात्रभर पाण्यात ठेवावे, मग वरचे पाणी पुसून पुन्हा वजन करावे. २०० ग्रॅमचे खापर २३० ग्रॅम भरले तर त्याने शेकडा १५ पाणी घेतले. माठाला थोडे पाणी पिणे आवश्यक आहे, कारण छिद्रांतून झिरपलेले पाणी वाऱ्याने उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. म्हणूनच आतील पाणी गार होते. परंतु लोणच्याच्या बरणीस हा गुण चालणार नाही. एकाच मातीचा माठ चांगला आणि बरणी वाईट का, याचे उत्तर या वजनात आहे.

भाजणीचेही तसेच. मडके वाळलेले दिसले तरी त्यात ओल असते. प्रथम आंच मंद ठेवून ती घालवावी लागते, नाहीतर वाफ मडके फोडते. पुढे सुमारे ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या अंगचे बांधलेले पाणी सुटते आणि त्यानंतर ती पुन्हा भिजून चिखल होत नाही. ५७३ अंशांच्या सुमारास मातीतील गारेचे कण एकाएकी फुगतात आणि निवताना पुन्हा आकसतात. म्हणून आवा घाईने उघडला की चांगली मडकीही तडकतात. मातीत चुनखडीचे खडे राहिले तर ती भाजून त्यांची चुनकळी होते, पुढे हवेतील ओल पिऊन ती फुगते, आणि विकलेल्या मडक्याच्या अंगावरून आठ दिवसांनी टवके उडतात. गिऱ्हाईक कुंभाराला बोल लावते. दोष मात्र चाळणी न केलेल्या मातीचा असतो.

प्रयोग करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. माती, वाळू आणि आंच या तिन्ही एकदम बदलल्या तर यश कशाचे आणि अपयश कशाचे, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

मंडळाची वही

बैठकीत निघालेले ज्ञान वहीत उतरले नाही तर ते पालथ्या घड्यावरचे पाणी समजावे. वहीत तारीख, कोणाचे अंगण, कोणती माती, काय मिसळले, किती आटली, कशाने भाजली आणि काय झाले, एवढेच लिहावे. लिहिण्याचे काम शाळेत जाणाऱ्या मुलामुलींस द्यावे. त्यांचे अक्षर चांगले असते आणि ऐकता ऐकता धंद्याची गोडी लागते.

उपाय ज्याने सांगितला त्याचे नाव नोंदीपुढे अवश्य लिहावे. अहमदाबादचे प्राध्यापक अनिल गुप्ता यांनी चालविलेल्या 'हनी बी' या कार्याचे हेच तत्त्व आहे. मधमाशी फुलातून मध घेते पण फुलास इजा करीत नाही. तसे कारागिराचे ज्ञान घ्यावे, त्याच्या नावानिशी घ्यावे आणि त्याच्याच भाषेत परत न्यावे. वांकानेरचे मनसुखभाई प्रजापती या कुंभाराने विजेवाचून चालणारे मातीचे शीतकपाट 'मिट्टीकूल' बनविले, आणि त्यांचे नाव देशभर झाले ते अशाच उपक्रमांमुळे. आपले नाव राहील अशी खात्री असली की मनुष्य गुपित मोकळे करतो; ते चोरीला जाईल अशी भीती असली की मुठी आवळतो.

कोणास बोलवावे

कुंभारकामात माती मळणे, थापणे, रंगविणे अशी किती तरी कामे स्त्रिया करतात; पण पुष्कळ ठिकाणी चाकाला त्यांनी हात लावू नये असा प्रघात आहे, आणि बैठकीतही त्या दाराआडच राहतात. मणिपुरातील आंद्रो गावी तर मडकी घडविण्याचे सारे कामच स्त्रियांकडे आहे, आणि तेही चाकावाचून. मातीचा स्वभाव ज्या हातांस रोज कळतो, ते हात चर्चेबाहेर ठेवणे म्हणजे अर्धी विद्या बाहेर ठेवणे होय. आमच्या मते स्त्रियांनी बैठकीत बसावे, आणि त्यांचे म्हणणे त्यांच्याच नावाने वहीत उतरावे.

तसेच अधूनमधून वापरणाऱ्यालाही बोलवावे. मातीच्या भांड्यात रांधणारी गृहिणी, रोपवाटिकेचा मालक, पाहुण्यांची सोय करणारा घरमालक यांचे बोलणे ऐकावे. घुमटाचे उदाहरण घ्या. गोव्यात हे वाद्य घरोघर आवडीचे. कारवार-अंकोल्याकडे त्यास गुमटे म्हणतात. त्याचे अंग कुंभार घडवितो, आणि पूर्वी त्यावर घोरपडीचे कातडे चढवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीस संरक्षण आहे, म्हणून आता बकऱ्याचे कातडे लावतात. २०१९ साली गोवा सरकारने घुमटास वारसा वाद्य म्हणून मान दिला. कातडे बदलले की ताण बदलतो, नाद बदलतो. मग मडक्याचे तोंड व जाडी तीच ठेवावी की बदलावी, हे कुंभार आणि वादक समोरासमोर बसल्यावाचून ठरणार नाही.

मंडळे मोडतात कशाने?

नव्याचे नऊ दिवस हा अनुभव सर्वत्र आहे. मंडळे बहुधा चार कारणांनी मोडतात. एकच मनुष्य बोलतो व इतर माना डोलावतात, हे पहिले. याला उपाय म्हणजे अध्यक्ष दर बैठकीस बदलावा. ज्याचे अंगण, तो अध्यक्ष. दुसरे कारण पैसा. वर्गणी अगदी थोडी असावी, आणि जमाखर्च दर बैठकीच्या शेवटी मोठ्याने वाचावा. तिसरे, भावकीची भांडणे. ती उंबऱ्याबाहेर ठेवावीत. वाद झालाच तर दोघांनी आपापली रीत करून पुढील भाजणीस दोन्ही मडकी शेजारी ठेवावीत. आव्यापुढे कोणाचा मोठेपणा चालत नाही. चौथे, बैठकीत केवळ सरकारी मदतीच्या गोष्टी होऊ लागणे.

मदत घेऊ नये असे नव्हे. ती माहीत असावीच. २०१८ साली खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने कुंभार सशक्तीकरण योजनेतून विजेची चाके देण्यास आरंभ केला. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत कुंभारकाम आहे. तीत एका कुटुंबातील एकास प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि शेकडा ५ व्याजाने आधी १ लाख व पुढे २ लाख रुपयांपर्यंत कर्ज, अशी तरतूद झाली. अर्ज कसा भरावा हे एकाने शिकून दहांना सांगावे, यासाठी मंडळ उत्तम. वनखात्याच्या हद्दीतील माती व सरपण परवानगीवाचून घेता येत नाही. आपला तालुका तर काळी व्याघ्र प्रकल्पाचा. तेथेही एकट्याने खेटे घालण्यापेक्षा सर्वांनी मिळून विचारणे बरे. परंतु यासाठी बैठकीतला शेवटचा अर्धा तास पुरे. आरंभ फुटक्या मडक्यानेच व्हावा.

शिकण्यासाठी फार दूर जाण्याचेही कारण नाही. रामनगर-लोंढ्यावरून गेले की खानापूर. तेथे खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची केंद्रीय प्रशिक्षण संस्था आहे. मंडळाने वर्षातून एकदा आपली वही व खापरे घेऊन अशा जाणत्या ठिकाणी जावे. रिकाम्या हाताने गेलेला मनुष्य इमारत पाहून येतो. प्रश्न घेऊन गेलेला उत्तर घेऊन येतो.

न्यासाने काय करावे?

न्यासाकडून फार अपेक्षा नाही. पावसाळ्यात बसण्यास एक ओसरी, ग्रॅमपर्यंत वजन दाखविणारा एक काटा, एक मोजपट्टी, एक जाड बांधणीची वही आणि नमुन्याची खापरे ठेवण्यास एक पेटी एवढे साहित्य पुरे. न्यासाने ओसरी द्यावी, पण ओसरीवर बसून पाटीलकी करू नये. मंडळ कुंभारांचे आहे. ते त्यांनीच चालवावे. न्यासाच्या सभासद कुटुंबांनी मात्र एक करावे. संक्रांतीची सुगडे, नवरात्राचा घट, दिवाळीच्या पणत्या आपण दरसाल घेतोच. त्या घेताना घासाघीस करण्याऐवजी मडके वाजवून पाहावे आणि काही उणे असेल तर ते कुंभारास सांगावे. गिऱ्हाइकाचे खरे बोलणे हीदेखील चर्चेत घातलेली भरच आहे.

शेवटी पुन्हा गोरोबाकाकांच्या अंगणात येऊ. कच्चे ठरलेले नामदेव दुखावले, पण कथा तेथे संपत नाही. त्यांना मार्ग दाखविला गेला, ते विसोबा खेचरांकडे गेले आणि पक्के झाले. थापटणे मारणे सोपे आहे. कच्च्याला कोणत्या आंचेत ठेवावे हे सांगणे अवघड आहे. ज्या मंडळात 'हे कच्चे' या शब्दांमागोमाग 'ते असे पक्के होईल' हे शब्द येतात, ते मंडळ टिकते आणि धंदाही टिकवते. आपल्या परिसरात अशी एक ओसरी लवकरच गजबजो.